छायाचित्रात झाड असू द्या, आणि खाली त्याचे नावही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत गेल्या पावसाळ्यापासून विदर्भातील किल्ले, गढ्या, पडकी देवळे, पायविहिरी आणि जुनी झाडे यांची वाचकांनी काढलेली छायाचित्रे प्रसिद्ध होत आहेत. हे सदर आमच्याकडे आवडीने पाहिले जाते. आपल्या गावच्या वेशीचा फोटो पेपरात आला म्हणून ते पान लॅमिनेट करून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावल्याचे मी स्वतः पाहिले आहे. अकोट तालुक्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्ने, बारशी, शाळेची ओळखपत्रे आणि पीककर्जाच्या अर्जाला लागणारे पासपोर्ट आकाराचे फोटो हा माझा धंदा, आणि लग्नसराई सरली की आसपासच्या गढ्यांचे व झाडांचे फोटो काढणे ही जुनी सवय. त्या आधारावर या सदरातील छायाचित्रांविषयी, आणि विशेषतः त्यांच्याखाली छापल्या जाणाऱ्या ओळींविषयी, काही लिहीत आहे.

‘निसर्गरम्य सायंकाळ’, ‘इतिहासाची मूक साक्ष’, ‘काळाच्या ओघात’ अशा त्या ओळी असतात. छायाचित्र कोणत्या गावचे, कोणत्या महिन्यातले, ते काढणारा कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता आणि चौकटीचा अर्धा भाग व्यापणारे झाड कशाचे, यांपैकी काहीही त्यांत नसते. साक्ष म्हणायचे आणि साक्षीदाराचे नाव-गाव लिहायचे नाही, हे कोणत्याही कोर्टात चालत नाही. मध्यंतरी गाविलगडाच्या तुटलेल्या तटाचे एक सुंदर छायाचित्र ‘काळाच्या ओघात ढासळलेला तट’ अशा ओळीसह आले होते. गाविलगडाच्या बाबतीत काळावर एवढा दोष टाकण्याचे कारण नाही, कारण त्या पडझडीच्या मोठ्या भागाला तारखा आहेत. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजांनी उत्तरेकडून तोफा लावून बाहेरच्या तटाला खिंडार पाडले आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी किल्ला घेतला. पुढे देवगावच्या तहाने तो नागपूरकर भोसल्यांकडेच राहिला. आणि १८५८ मध्ये, तात्या टोपे तेथे आश्रय घेतील या भीतीने, इंग्रजांनी तो मुद्दाम निकामी केला. म्हणजे त्या तटाचा कोणता भाग तोफांनी पडला, कोणता पाडला गेला आणि कोणता नंतरच्या पावसाने व मुळांनी सुटला, हा खरा पाहण्याचा विषय आहे. छायाचित्रकाराने भिंतीची दिशा आणि जागा एवढी जरी सांगितली असती, तरी जाणकार वाचकाला त्याबद्दल अंदाज बांधता आला असता.

झाडांच्या बाबतीत तर याहून मोठी हेळसांड आहे. वास्तूचे निदान नाव तरी येते. झाड मात्र ‘वृक्षराजी’ किंवा ‘वनराई’ होऊन जाते. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, त्याच्या उतारावर आणि काठावर मध्ययुगीन देवळे आहेत, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्या सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला, हे आता शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. पण देवळांभोवती छायाचित्रात दिसणारी हिरवळ सगळी एकसारखी नाही. तिच्यात आपल्याकडची जुनी झाडे आहेत आणि बाहेरून आलेली, एकदा शिरली की दुसऱ्या कशाला जागा न ठेवणारी वेडी बाभूळही आहे. दोन्हींना मिळून ‘घनदाट वनराई’ म्हटले की जे काढायला हवे आणि जे राखायला हवे, त्यांतला भेदच पुसला जातो.

मोठ्या किल्ल्यांची चिंता करणारे कोणी तरी असते. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाभोवती १९५८ च्या कायद्याने आणि त्यातील २०१० च्या दुरुस्तीने १०० मीटरचे प्रतिबंधित आणि त्यापुढे आणखी २०० मीटरचे नियंत्रित क्षेत्र ठरलेले आहे. माझे लिहिणे प्रामुख्याने ज्यांना असे कसलेच कवच नाही त्या गढ्यांबद्दल आहे. वऱ्हाडातल्या कितीतरी मोठ्या गावांत देशमुखांची किंवा पाटलांची गढी असते: खाली दगडाचे काही थर, वर पांढऱ्या मातीचे पुरुष-दोन पुरुष उंच बुरूज, आत पडक्या वाड्याचे चौथरे, त्यांवर सीताफळीची झुडपे आणि कोपऱ्यात एखादा म्हातारा निंब. ही पांढरी माती धाब्याच्या घरावर पसरायला उत्तम. त्यामुळे उन्हाळ्यात, पावसाची चाहूल लागण्याआधी, गावकरी ती पिढ्यान् पिढ्या गढीतून नेत आले आहेत. आता धाब्याची घरे कमी झाली, पण माती नेण्याचे थांबले नाही. बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टरची ट्रॉली आली आणि टोपल्याच्या जागी जेसीबी. गढी दरवर्षी थोडी थोडी संपत जाते, म्हणूनच ती कधी संपली ते कोणाला सांगता येत नाही. तिचे मोजमाप तलाठ्याकडे नाही, ग्रामसेवकाकडे नाही आणि पुरातत्त्व खात्याकडेही बहुधा नाही. असलेच तर ते कोणाच्या तरी छायाचित्रात आहे.

गावातल्या जुन्या झाडांचेही तसेच. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या जतनासाठी १९७५ चा अधिनियम आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘हेरिटेज ट्री’ म्हणून वेगळे स्थान मिळाले. हे स्वागतार्हच आहे. परंतु अधिनियम नागरी क्षेत्रांचा. त्यामुळे शहरातल्या सोसायटीच्या कुंपणातल्या पन्नास वर्षांच्या गुलमोहराला जे स्थान आहे, ते आमच्या खेड्यातल्या वेशीवरच्या आणि आजोबांच्या आजोबांनी पाहिलेल्या चिंचेला नाही. रस्ता चौपदरी करायचा ठरला की दुतर्फा उभे असलेले निंब आणि वड काही आठवड्यांत आडवे होतात आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे झाडे होती हे नव्या माणसाला पटवून देणेही कठीण जाते.

अशा वेळी आपल्या खेड्यांतील अवशेषांचा आणि झाडांचा सर्वांत मोठा दस्तऐवज कुठे आहे, असे मला कोणी विचारले, तर माझे उत्तर लग्नाच्या अल्बममध्ये असे असेल. व्यवसायामुळे हे मला दिसते. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात, आणि तो पारावर उभा असतानाचा एक फोटो घ्यावाच लागतो. फोटोग्राफरने तो चुकवला तर वरबाप पैसे देताना आठवण करून देतो. पारावर वड नाहीतर पिंपळ असतोच. वऱ्हाडी मंडळींचा सामूहिक फोटो जानवशाच्या समोर, वेशीत किंवा गढीच्या बुरुजाखाली काढला जाई, कारण पन्नास-साठ माणसे एकावर एक पायरीने उभी करायला तेवढीच जागा गावात असे. काढणाऱ्याचे लक्ष माणसांवर होते. पण पाठीमागे भिंत आली, झाड आले. आणि लग्नपत्रिका सांभाळलेली असल्यामुळे त्या छायाचित्राला तारीख आहे, मुहूर्ताची वेळसुद्धा आहे! पुरातत्त्वाच्या अभ्यासकालाही याहून चांगली नोंद क्वचित मिळत असेल.

एक उदाहरण देतो. आमच्या परिसरातील एका गावच्या घरचा जुना अल्बम दुरुस्तीसाठी माझ्याकडे आला होता. १९९० च्या दशकातील लग्न. करवल्या आणि त्यांच्या आत्या-मावश्या गढीच्या बुरुजाखाली उभ्या आहेत. बुरुजाच्या दगडी पायाचे थर मागे स्वच्छ दिसतात. एका बाईच्या डोक्यावरच्या पदराच्या किंचित वर, तिसऱ्या आणि चौथ्या थरांच्या सांध्यात, बोटाएवढ्या जाडीचे पिंपळाचे रोप आहे आणि त्याला मोजून चार-पाच पाने आहेत. त्यांच्या डाव्या हाताला, बुरुजापासून बऱ्याच अंतरावर, एक भलीमोठी चिंच आहे. तिच्या सावलीत सजवलेली बैलगाडी सोडलेली दिसते. आज त्या जागी गेल्यास पिंपळाचे मूळ मांडीएवढे झाले आहे, चौथ्या थराचे दोन दगड बाहेर येऊन पडले आहेत आणि त्यांच्यामागची माती पोकळ झाली आहे. चिंच नाही. गढीच्या सुशोभीकरणाच्या नावाखाली ती तोडली गेली आणि तिच्या जागी पेव्हर ब्लॉक व सिमेंटचे बाक आहेत, ज्यांवर दुपारी सावलीअभावी कोणी बसत नाही. ज्याने बुरूज फोडला त्या पिंपळाला देवाचे झाड म्हणून हात लावला नाही, आणि जिचा बुरुजाला काडीचा त्रास नव्हता ती चिंच गेली.

हा प्रकार सविस्तर लिहिण्याचे कारण असे की अवशेषांजवळच्या झाडांबद्दल आपल्याकडे दोन टोकाच्या समजुती आहेत, आणि छायाचित्रकार दोन्हींना खतपाणी घालतात. भिंतीला विळखा घातलेली मुळे ही फार चित्ताकर्षक गोष्ट आहे, यात वाद नाही. आपल्या सदरातही अशी छायाचित्रे सर्वांत जास्त येतात. पण ती मुळे म्हणजे त्या भिंतीचा आजार आहे. पाखरांच्या विष्ठेतून पडलेले वड-पिंपळ-उंबराचे बी चुन्याच्या सांध्यात रुजते, मूळ ओलाव्याच्या शोधात आत जाते, जाड होते आणि दगडाला दगडापासून सोडवते. नुसते वरून छाटले तर ते पुन्हा फुटते. ओढून काढले तर दगडांसकट निघते. आतल्या आत कुजले तर पोकळी ठेवून जाते. म्हणून ते लहान असतानाच काढावे लागते आणि मोठे झाल्यावर जाणकारांकडूनच काढवून घ्यावे लागते. चंद्रपूरच्या गोंडकालीन किल्ल्याच्या तटावर माजलेली झाडेझुडपे तेथील तरुणांनी २०१७ पासून श्रमदानाने काढली आणि लोकांना आपल्या शहराचा तट नव्याने दिसला, ते काम या दृष्टीने मोलाचे आहे. मात्र त्यावरून ‘अवशेष स्वच्छ करणे म्हणजे भोवतालचे प्रत्येक झाड काढणे’ असा अर्थ कोणी काढला, तर त्या गावच्या चिंचेसारखे होते. भिंतीतले झाड वेगळे आणि भिंतीजवळचे झाड वेगळे. एका चांगल्या छायाचित्रात हा फरक ठळक दिसू शकतो, फक्त काढणाऱ्याने झाडाचा बुंधा आणि भिंतीचा पाया हे दोन्ही चौकटीत घेतले पाहिजेत. बहुतेकांचा कॅमेरा वर, आकाशाकडे असतो.

आता छायाचित्र काढण्याविषयी थोडे. हे लिहिताना ‘शिकवतोय काय’ असे माझ्या सहव्यावसायिकांना वाटेल, पण सदरात येणारी छायाचित्रे बघून काही गोष्टी सांगणे भाग आहे.

पश्चिम विदर्भातील बहुतेक जुने बांधकाम काळ्या दगडाचे आहे, आणि काळा दगड कॅमेऱ्याला फसवतो. चौकटीत काळी भिंत जास्त असली की यंत्राला वाटते प्रकाश कमी आहे. ते फोटो उजळवते आणि भिंत राखाडी, तर वरचे आकाश कोरे पांढरे होऊन बसते. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा प्रकाश, मुद्दाम थोडे खाली आणावे. नरनाळ्याच्या किल्ल्यावर तर हा प्रश्न दुहेरी होतो. तिथला महाकाली दरवाजा १४८७ चा, पांढरट वालुकाश्मातला. त्यावर कमळे, अरबी लेख, बाजूला पुढे काढलेले सज्जे आणि प्रत्येकी वेगळ्या नक्षीच्या दगडी जाळ्या आहेत. काळसर तटावर बेतून घेतलेला फोटो दरवाजावर हमखास ओव्हर, म्हणजे फाजील उजळ, होतो आणि पाचशे वर्षे टिकलेली कमळे एका क्लिकमध्ये पुसली जातात. दरवाजावर बेतावे, तट थोडा अंडर राहू द्यावा. पूर्वेकडे मार्कंडा, चंद्रपूर या बाजूला वालुकाश्म अधिक. तिथे सकाळी-संध्याकाळी दगडाचा रंग बदलताना दिसतो आणि त्या रंगावर मोबाईलमधले फिल्टर आणखी रंग चढवतात. मार्कंड्याच्या शिल्पांना तरी त्याची गरज नाही.

कोरीव कामाला प्रकाश तिरपा हवा. भर दुपारचे ऊन भिंतीवर सरळ आदळले की सगळे सपाट दिसते. तेच ऊन सकाळी एका बाजूने भिंतीला घासून जात असेल, तर झिजलेला लेखही वाचता येतो. लेख दिसावा म्हणून त्यात खडू, पीठ किंवा तेल भरणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांत सुशिक्षित मंडळी अधिक असतात. हे कदापि करू नये. ऊन दुसऱ्या बाजूने हवे असेल तर एखादा साधा आरसा घेऊन सोबतच्या माणसाला उभे करावे. स्टुडिओत रिफ्लेक्टर करतो तेच काम तो आरसा करतो.

पायविहिरीचे मात्र उलटे आहे. दर्यापूर तालुक्यातील महिमापूरची सात मजली पायविहीर पाहायला लोक सकाळच्या सुंदर उन्हात जातात आणि काळोखाचे फोटो घेऊन परततात. खालच्या मजल्यांपर्यंत ऊन उतरते ते सूर्य डोक्यावर आल्यावर, आणि तेही काही काळच. वैशाखात भरदुपारी तिथे उभे राहणे सोपे नाही, पण कमानींच्या आतली बाजू, सांधे आणि पाण्याच्या रेषा दिसायच्या असतील तर तीच वेळ आहे. रुंद लेन्सचा मोह इथे टाळणेच बरे, कारण ती चौकटीच्या कडेचे खांब तिरपे आणि ताणलेले दाखवते. पाहणाऱ्याला भिंत कलली आहे असे वाटते आणि खरोखर कललेली भिंत असेल तर ती यात लपून जाते. कॅमेरा समपातळीत धरावा, मागे सरकावे, आणि मागे जागा नसेल तर दोन तुकड्यांत घ्यावे.

ऋतूंचा विचार तर कोणी करतच नाही. आपल्या सदरात येणारी बहुतेक छायाचित्रे श्रावण-भाद्रपदातली असतात, कारण तेव्हा सगळे हिरवे दिसते आणि चिखलदऱ्याला धुके असते. त्या दिवसांत अवशेष दिसत नाहीत, अवशेषांवरचे गवत दिसते. फाल्गुन-चैत्रात पानझड होऊन गेलेली असते, पळस फुललेला असतो, मोहाची फुले पहाटे टपटपत असतात आणि जंगलातला तट पायापासून माथ्यापर्यंत मोकळा होतो. जागेची खरी ओळख करून घ्यायची असेल तर एकदा दिवाळीच्या सुमारास, धूळ बसलेली आणि हवा स्वच्छ असताना, आणि एकदा होळीच्या सुमारास असे दोन फोटो, त्याच जागेवर उभे राहून, त्याच वेळेला घ्यावेत. पळसाच्या फुलांबद्दल एक सावधगिरी: मोबाईलचा कॅमेरा तो केशरी-लाल रंग झेपवू शकत नाही, पाकळ्यांची वळणे जाऊन नुसता रंगाचा ठिपका उरतो. सावलीतले फूल घ्यावे किंवा प्रकाश बराच कमी धरावा. सालईची गुळगुळीत साल, कुलूचे पांढरे खोड, अर्जुनाच्या सालीचे निघालेले पापुद्रे ही झाडे ओळखण्याची साधने आहेत. म्हणून एक फोटो पूर्ण झाडाचा, एक सालीचा आणि एक पानाचा घ्यावा. बुंध्याचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फुटांवर मोजतात. तिथे टेप गुंडाळून आकडा दिसेल असा एक फोटो असला, तर दहा वर्षांनी कोणालाही तुलना करता येईल. वास्तूजवळ फुटाफुटावर रंगवलेली एक काठी उभी करावी. माणूस उभा केला तरी हरकत नाही, पण माणसे कमी-जास्त उंचीची असतात आणि ती हसायला लागली की छायाचित्र त्यांचे होते.

प्री-वेडिंग शूटविषयी लिहिले नाही तर मी धंदा सांभाळतो असा अर्थ होईल. अवशेषांवर सर्वांत जास्त कॅमेरे आज त्यासाठीच जातात. चौकटीत फांदी येते म्हणून ती मोडणे, चौथऱ्यावर चढून उड्या मारणे, कोरड्या गवतात रंगीत धुराच्या नळकांड्या पेटवणे हे प्रकार सर्रास होतात. मेळघाटच्या परिसरात उन्हाळ्यात एक ठिणगी किती जंगल घेऊन जाते हे वनमजुरांना विचारावे. तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, हेही गिऱ्हाईकाला आधीच सांगितलेले बरे. गेटवर वाद घालण्यात सकाळचे ऊन निघून जाते. दुसरीकडे सर्वसामान्य छायाचित्रकाराला उगाच अडवले जाते, हेही खरे आहे. पुरातत्त्व खात्याने जुलै २०१८ मध्ये काही मोजकी ठिकाणे वगळता केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या आवारात छायाचित्रणाला मोकळीक दिली. ताजमहालाची मुख्य कबर, अजिंठ्याच्या लेण्यांचा अंतर्भाग आणि लेहचा राजवाडा एवढीच ती अपवादाची ठिकाणे होती. ट्रायपॉडला मात्र परवानगी लागते. तरीही एका स्मारकावर मला ‘मोबाईल चालतो, कॅमेरा नाही’ असे सांगण्यात आले. आजच्या मोबाईलचा कॅमेरा माझ्या पहिल्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी पुढचा आहे, हे त्या कर्मचाऱ्याला समजावण्यात अर्थ नव्हता. माझ्या गळ्यात पट्टा होता, एवढाच माझा गुन्हा.

छायाचित्र काढून झाल्यावर ते टिकवण्याचाही प्रश्न आहे. व्हॉट्सॲपवर फिरलेला फोटो आकाराने लहान होतोच, शिवाय त्याच्यात दडलेली तारीख आणि ठिकाणाची नोंद निघून जाते. म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवावी आणि तिच्या नावातच गाव, तारीख व दिशा लिहावी. जुन्या रंगीत प्रिंट लालसर पडत चालल्या आहेत, निगेटिव्हवर बुरशी चढते आहे. नीट धुतलेले कृष्णधवल फोटो त्यांच्यापेक्षा चांगले टिकले आहेत. अनेक तालुक्यांच्या गावी वडिलांनंतर मुलांनी स्टुडिओ बंद केले आणि निगेटिव्हचे डबे भंगारात दिले. ज्यांच्याकडे असे डबे अजून असतील त्यांनी ते देऊन टाकण्याआधी लग्नाच्या रिळांतले पाराचे, वेशीचे आणि गढीचे तेवढे फोटो तरी स्कॅन करून ठेवावेत. संबंधित कुटुंबाची परवानगी घेऊनच ते प्रसिद्ध करावेत. लेकीबाळींचे चेहरे झाकूनही मागची भिंत दाखवता येते.

आपल्या दैनिकाकडे माझे मागणे फार नाही. सदरासाठी छायाचित्रे मागवताना गाव आणि तालुका, तारीख व वेळ, कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते, आणि दिसणाऱ्या मुख्य झाडाचे नाव एवढी माहिती सक्तीची करावी. झाडाचे नाव माहीत नसेल तर गावात विचारावे. गुराख्याला ते हमखास ठाऊक असते आणि तो सांगेल ते स्थानिक नाव तसेच छापावे. शीर्षकाला काव्य सुचलेच तर ते माहितीच्या नंतर छापावे. वर्षातून एकदा, शक्य झाल्यास एप्रिलमधल्या जागतिक वारसा दिनाच्या सुमारास, त्याच जागेची जुनी आणि नवी अशी जोडछायाचित्रे द्यावीत. वाचक अल्बम उघडतील याची मला खात्री आहे, कारण स्वतःच्या लग्नाचा फोटो पेपरात येण्याची शक्यता कोणी सोडत नाही. अशी छायाचित्रे जमली तर त्यांची एक प्रत त्या त्या ग्रामपंचायतीला द्यावी, म्हणजे पुढच्या वेळी सुशोभीकरणाचा ठराव मांडताना कोणते झाड भिंतीत आहे आणि कोणते भिंतीपासून दूर आहे, हे निदान समोर असेल.

सोबत आमच्या परिसरातील एका गढीची दोन छायाचित्रे पाठवत आहे. एक दिवाळीनंतरचे, एक होळीच्या आधीचे. मागच्या बाजूला वर म्हटलेली सर्व माहिती पेन्सिलीने लिहिली आहे. जागेअभावी छायाचित्र कापावे लागले तर वरचे आकाश खुशाल कापावे, उजवीकडचा निंब मात्र बुंध्यासकट राहू द्यावा.

आपला,
एक छायाचित्र व्यावसायिक
ता. अकोट, जि. अकोला